परदेशी मुलं घरी राहायला येणार असतील तर: मुंबईतल्या यजमानांसाठी कामाचा क्रम

युथ एक्स्चेंजची मुलं येणार असं ठरलं की मंडळाची पहिली बैठक स्वागत समारंभावर खर्ची पडते. फेटे कोण बांधणार, लेझीम कुठल्या शाळेचं, बॅनरवर कुणाकुणाचे फोटो. व्हिसा, ॲलर्जी, पोलिसांकडची नोंद हे विषय निघतात मुलं विमानात बसल्यावर. मग रात्री अकराला ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "अरे, तो सी फॉर्म कुणी भरला का?" बहुतेक घोळ या उलट्या क्रमातून होतात. म्हणून इथे कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने लिहिली आहेत.

गृहीत असं धरलंय: आठ ते बारा मुलं, वय १६ ते २४, मुक्काम दोन-तीन आठवडे, आणि एकाच वस्तीतल्या घरांत एक-एक, दोन-दोन अशी वाटणी.

१. कागदपत्रं: आठ आठवडे आधी

पाठवणाऱ्या संस्थेकडून प्रत्येक मुलामागे एक फाइल मागवा. पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत, व्हिसाची प्रत, प्रवास विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि त्यांचा चोवीस तासांचा फोन, रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी, घरच्यांचे दोन नंबर. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडील दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र हवं, आणि त्यात "तातडीच्या उपचारांना अमुक व्यक्ती आमच्या वतीने संमती देऊ शकते" असं नाव घालून लिहिलेलं हवं. हे वाक्य नसेल तर हॉस्पिटलच्या काउंटरवर तुम्ही नुसते शेजारी ठरता.

व्हिसा येण्याच्या कारणाशी जुळतो का ते पाहा. दोन आठवडे फिरायला, घरात राहायला येणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि वर्षभर शाळेत बसणाऱ्याची वेगळी. दुसऱ्याला पर्यटक व्हिसा चालत नाही. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर राहायला आलेल्यांना पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) स्वतःची नोंदणी करावी लागते.

आता तो सी फॉर्म. परदेशी माणूस तुमच्या घरी मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत एफआरआरओच्या पोर्टलवर कळवणं ही यजमानाची जबाबदारी आहे. पाहुण्याची नाही, मंडळाची नाही, ज्याचं घर त्याची. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरिनर्स कायदा लागू झाला तरी हे बंधन कायम आहे, आणि बोलताना सगळे अजून "सी फॉर्म"च म्हणतात. लोक चुकतात ते इथे: फॉर्म भरण्याआधी यजमान म्हणून पोर्टलवर खातं काढावं लागतं, घराचा पुरावा आणि ओळखपत्र द्यावं लागतं, आणि ते खातं मंजूर व्हावं लागतं. मुलं आल्यावर खातं काढायला बसलात तर २४ तास त्यातच जातील. प्रत्येक घराचं खातं आत्ताच काढून ठेवा.

> सावधान: पाठवणारी परदेशी संस्था "तुमच्या मंडळाला थोडी देणगी देतो" म्हणाली तर थांबा. एफसीआरए (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदणी नसताना परदेशी देणगी खात्यात घेणं बेकायदा आहे, रक्कम कितीही लहान असो. सीएला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

२. घरं आणि सोसायटी: सहा आठवडे आधी

घर मोठं आहे म्हणून निवडू नका. दोन खोल्यांचं घर चालतं; रोज संध्याकाळी कुणी घरी नसलेलं तीन बेडरूमचं घर चालत नाही. पाहुण्याला स्वतंत्र बिछाना हवा आणि कपडे बदलायला आतून कडी लागणारी जागा. घरात जवळपास त्याच वयाचं कुणी असेल तर निम्मं काम होऊन जातं.

मुलगी असेल तर शक्यतो एका घरात दोघी ठेवा. अल्पवयीन पाहुण्याबरोबर घरातली एकच मोठी व्यक्ती बंद खोलीत किंवा गाडीत एकटी राहणार नाही, हा नियम सगळ्या यजमानांना लेखी द्या. "आमच्यावर विश्वास नाही का" असं कुणीतरी म्हणेलच. विश्वासाचा प्रश्न नाही, नियम सगळ्यांना सारखा आहे, एवढंच सांगा. पॉक्सो कायद्याखाली (लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा) गैरप्रकार माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे, तेही याच बैठकीत सांगून टाका.

सोसायटीच्या सेक्रेटरींना साधं पत्र द्या: कोण, किती दिवस, कुठल्या फ्लॅटमध्ये, कुणाला फोन करायचा. वॉचमनला फोटो दाखवून ठेवा, तिन्ही पाळ्यांच्या. दिवसपाळीवाल्याला माहीत असतं, आणि मुलगी रात्री दहाला परतते तेव्हा गेटवर दुसराच माणूस असतो.

तपासा: प्रत्येक घराला एक पर्यायी घर ठरलं आहे का? यजमानांकडे अचानक कुणी आजारी पडलं किंवा जमलंच नाही, तर पाहुण्याला त्याच संध्याकाळी हलवता आलं पाहिजे. हलवलं तर नव्या घरमालकाला २४ तासांत पुन्हा नोंद करावी लागते.

३. घराची तयारी: एक आठवडा आधी

इथे फार खर्च नको. पडदे बदलण्यापेक्षा या गोष्टी करा.

पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं आणि टाकी संपली तर काय, हे कागदावर लिहून बाथरूमच्या दारावर लावा. वीस मिनिटं शॉवरखाली उभं राहायची सवय असलेल्या मुलाला बादली-मग कसा वापरायचा ते एकदा हाताने दाखवावं लागतं. गीझरचा स्विच कुठला, तो कधी बंद करायचा, हेही. संडासात टिश्यू पेपर ठेवा, झाकणाचा डबा ठेवा आणि कागद भांड्यात टाकायचा की डब्यात ते स्पष्ट सांगा. जुन्या इमारतींच्या पाइपमध्ये कागद अडकला की खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. जेट स्प्रे कसा वापरायचा हे सांगायला सगळेच लाजतात. एक चित्र चिकटवलं की प्रश्न मिटतो.

वीज: आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर तिन्हीवर चालतात, त्यांना फक्त पिन बदलणारा ॲडॉप्टर लागतो. हेअर ड्रायर आणि केस सरळ करायचं यंत्र मात्र बहुधा चालत नाही. ॲडॉप्टर पिन बदलतो, व्होल्टेज नाही. उपकरणावर "१००–२४०" छापलेलं नसेल तर लावू देऊ नका.

डास: खिडकीला जाळी किंवा बिछान्याला मच्छरदाणी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे नुसतं रात्री लिक्विड मशीन लावून भागत नाही. अंगाला लावायचं मलमही द्या.

बाथरूममध्ये दात घासण्यासाठी उकळलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याची वेगळी बाटली ठेवा. सगळे जेवणाच्या टेबलावरच्या पाण्याची काळजी घेतात आणि चूळ नळाच्या पाण्याने भरतात.

४. स्वयंपाकघर

या टप्प्यावर सर्वात जास्त वेळ द्या. मराठी घरात जे घातलंय ते दिसत नाही, हीच खरी अडचण आहे.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल येणार असेल तर दाण्याचं कूट कशाकशात जातं याची यादी करा: साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, पालेभाजी, चटण्या. पोह्यांत अख्खे दाणे. शिवाय तळणीचं तेल शेंगदाण्याचं असू शकतं. "याला दाणे नको" असं सांगून एकाच्या ताटातले दाणे वेचून काढणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. ॲलर्जी तीव्र असेल तर कढई, मिक्सरचं भांडं आणि तेल त्या मुक्कामापुरतं वेगळंच ठेवा. मुलाकडे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन असेल तर ते घरात कुठे आहे आणि कसं द्यायचं हे घरातल्या दोघांना आलं पाहिजे. मूल बाहेर पडलं की इंजेक्शनही बरोबर गेलं पाहिजे.

गहू चालत नसलेल्या मुलाला भात-वरण दिलं की झालं, असं वाटतं. पण वरणाच्या फोडणीत हिंग असतो, आणि बाजारातल्या हिंगाच्या पुडीत बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवरचे घटक वाचा. ज्वारीची भाकरी चालेल, पण पीठ गिरणीत गव्हामागोमाग दळलेलं असेल तर त्यात गहू आलाच. सीलबंद पाकिटातलं, ग्लूटेन-मुक्त असं छापलेलं पीठ आणा. दुधाचं काहीच न खाणारी मुलंही येतात. त्यांना पोळीवरचं तूप, ताक, चहा, सगळंच वर्ज्य. आणि "तूप म्हणजे दूध नाही" हा आजीचा मुद्दा तिथे टिकत नाही.

घर शाकाहारी असेल तर आधीच कळवा. अंडं चालतं का, बाहेर मांसाहार केला तर चालेल का, हेही. पाहुणा समजून घेतो; ऐनवेळी कळलं तर बिचारा तीन दिवस लपूनछपून चिप्स खातो.

पहिले दोन दिवस साधं ठेवा: मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, घावन, उकडलेला बटाटा, सोलून खायची केळी-संत्री. कच्ची कोशिंबीर, पाणीपुरी, बर्फाचा गोळा, उसाचा रस पहिल्या आठवड्यात नको. वडापाव हवाच असेल तर समोर तळलेला, गरम, आणि कोरड्या चटणीबरोबर.

आणि आग्रह. आपल्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढायचं, आणि अनेक देशांतल्या मुलांना घरून शिकवलेलं असतं की ताटातलं टाकायचं नाही. मूल सौजन्याने संपवतं, काकू प्रेमाने पुन्हा वाढतात, मूल पुन्हा संपवतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर. नको असेल तर ताटावर आडवा हात धरायचा, हे पहिल्याच जेवणाला शिकवा. आणि हात धरल्यावर खरंच थांबायचं, हे काकूंना शिकवा.

५. विमानतळ आणि पहिले ४८ तास

परदेशी प्रवाशांना उतरण्याआधीच्या ७२ तासांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. त्यात राहण्याचा पत्ता लागतो, तेव्हा फ्लॅट क्रमांक, इमारत, रस्ता, पिनकोडसकट पत्ता आधीच पाठवा. मुलं नुसतं "मुंबई" लिहितात आणि अधिकाऱ्यासमोर अडकतात.

निघण्याआधी सामानाबद्दलही स्पष्ट लिहून कळवा: व्हेप म्हणजे ई-सिगारेट आणू नका (भारतात २०१९ पासून बंदी आहे), ड्रोन आणू नका, सॅटेलाइट फोन किंवा ट्रेकिंगसाठीचं सॅटेलाइट मेसेज यंत्र परवानगीशिवाय आणू नका. शेवटच्या गोष्टीपायी परदेशी प्रवासी विमानतळावर ताब्यात घेतले गेले आहेत.

बरीचशी लांब पल्ल्याची विमानं मध्यरात्री ते पहाटे उतरतात. इमिग्रेशन आणि बॅगा धरून बाहेर यायला तास-दीड तास लागतो. मुलांचे फोन त्या वेळी चालतील असं धरू नका. भेटायची जागा, पाटीवर काय लिहिलेलं असेल आणि दोन स्थानिक नंबर हे सगळं छापील कागदावर, त्यांच्या खिशात असलं पाहिजे.

घरी आल्यावर:

१. पासपोर्टवरच्या प्रवेशाच्या शिक्क्याचा फोटो घ्या आणि लगेच पोर्टलवर नोंद करा. सकाळवर ढकलू नका.
२. मुलाला घरी एक फोन करू द्या.
३. झोपू द्या.

तिसऱ्या मुद्द्यावरच सगळे घसरतात. युरोपातून आलेल्या मुलाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन-साडेचार तास मागे असतं, अमेरिकेतून आलेल्याची तर रात्रच दिवस झालेली असते. त्याच संध्याकाळी हॉलमध्ये सत्कार ठेवला की पाहुणे खुर्चीत पेंगतात आणि भाषणं करणारे नाराज होतात. समारंभ तिसऱ्या दिवशी ठेवा, एक तासाचा. भाषणं दोन.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना एकत्र बसवून घरचे नियम सांगा: परतायची वेळ, कुणाला कळवायचं, एकट्याने कुठे जायचं नाही. दारूबद्दल गुळमुळीत बोलू नका. अठराव्या वर्षी आपल्या देशात बिअर पिणारं मूल इथेही चालेल असं धरून येतं. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ अशी वयोमर्यादा आहे. सिम कार्ड याच दिवशी घ्या. पासपोर्ट, व्हिसा लागतो, आणि सुरू व्हायला वेळ लागू शकतो.

तपासा: प्रत्येक मुलाच्या खिशात घराचा पत्ता मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं कार्ड आहे का? रिक्षावाल्याला दाखवायला मराठीतलंच कामाला येतं.

६. लोकल

लोकलला बंदी घालू नका, पण पहिला प्रवास नीट आखा. कामाच्या दिवशी दुपारी १२ ते ४ किंवा रविवारी सकाळी. शक्य असेल तर पहिला प्रवास एसी लोकलने, कारण दारं आपोआप बंद होतात. नाहीतर स्लो गाडीने, सुरुवातीच्या स्टेशनवरून. चर्चगेट, सीएसएमटी, ठाणे, बोरिवली यांपैकी जे जवळ असेल ते.

गाडीत शिरायच्या आधी, फलाटावर, हे सांगा:

- आधी उतरणारे उतरू द्यायचे, मग चढायचं. पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची.
- आपल्या स्टेशनच्या आधीचं स्टेशन गेलं की उठून दाराकडे सरकायचं. गाडी थांबल्यावर उठलात तर उतरणं होत नाही.
- मुलग्यांनी लेडीज डब्यात चढायचं नाही, रिकामा दिसला तरी. मुलींना लेडीज डबा दाखवून ठेवायचा.
- दारात लटकून व्हिडिओ काढायचा नाही. हे दोनदा सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चुकामूक झाली तर काय. नियम एकच असावा: जो गाडीत राहून पुढे गेला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून त्याच फलाटावर, इंडिकेटरखाली थांबायचं. मागे राहिलेल्यांनी पुढची स्लो गाडी पकडून तिथे यायचं. पुढे गेलेल्याने उलट गाडी पकडून परत यायचं नाही, नाहीतर दोघं एकमेकांना ओलांडून जातात. फास्ट गाडीत हा नियम कोलमडतो. म्हणून पहिले काही दिवस स्लोच. सहा मुलांमागे दोन स्थानिक, एक पुढच्या दारात, एक मागच्या.

रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे शहरात येत नाहीत, तिथून टॅक्सी किंवा बस. हे न सांगितल्यामुळे मुलं माहीमला मीटरवरून वाद घालत उभी राहतात.

७. रोजचा कार्यक्रम

दिवसाला एक मोठी गोष्ट, आणि तीन दिवसांतून एक अर्धा दिवस मोकळा. घारापुरी आणि कान्हेरी दोन्ही सोमवारी बंद असतात, भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. घारापुरीची बोट गेटवेहून साधारण तासभर घेते, म्हणजे तो अख्खा दिवस गेला. संध्याकाळी नाटकाची तिकिटं काढू नका.

पण मुलं आली आहेत ती घरात राहायला. त्यांना काम द्या: मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, मंडईतून यादीप्रमाणे भाजी आणणं, कुत्र्याला फिरवणं. रोज नव्या नातेवाइकांकडे नेऊन बसवणं म्हणजे प्रदर्शन झालं. यजमानांच्या आधीच्या बैठकीत एवढं ठरवा: रंगावरून शेरे नाहीत (मराठी कळत नसलं तरी नजर कळते), केसांना हात नाही, लग्न-पगार-बॉयफ्रेंडची चौकशी नाही, आणि विचारल्याशिवाय फोटो सोसायटीच्या ग्रुपवर नाही. हेच उलट्या बाजूनेही लागू: धारावीत किंवा पालिकेच्या शाळेत मुलांना नेलं तर तिथल्या माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. शाळेची लेखी परवानगी आधी.

पावसाळ्यात महापालिका मोठ्या भरतीच्या, म्हणजे साडेचार मीटरच्या वरच्या, दिवसांची यादी जाहीर करते. त्या तारखा कॅलेंडरवर लाल करून ठेवा आणि त्या दिवशी लांबचं काही ठेवू नका. हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल हे रस्ते जोरदार पावसात टाळा.

८. आजारपण आणि अडचणी

नंबर आधीच सेव्ह: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अठराखालच्यांसाठी १०९८, विमा कंपनी, त्या देशाच्या वकिलातीचा रात्रीचा नंबर.

जुलाब झाले तर ओआरएसचं एक पाकीट पुऱ्या एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट घालणं ही नेहमीची चूक आहे. द्रावण दाट झालं की फायदा होण्याऐवजी त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा). रक्त पडलं, ताप चढला, लघवी कमी झाली तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर.

ताप आला तर डॉक्टर बघेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, कारण डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तुंबलेल्या पाण्यातून चालत आल्यास पाय साबणाने धुवा, आणि लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) प्रतिबंधक गोळीसाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. पायाला जखम असेल तर त्याच दिवशी. कुत्रा चावला किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, हळद-चुना लावायचा नाही, आणि त्याच दिवशी हॉस्पिटल.

पासपोर्ट हरवला तर क्रम असा: पोलिसांत तक्रार, त्या प्रतीसकट वकिलात, तिथून तात्पुरता प्रवासी कागद, आणि मग देश सोडण्याची परवानगी एफआरआरओकडून. यात काही दिवस जातात. परतीच्या आदल्या दिवशी कळलं तर विमान चुकलंच, म्हणून पासपोर्ट घरी कुलपात आणि बाहेर जाताना प्रत.

९. निरोप

भेटवस्तूंचा महापूर इथे येतो. बॅगेची वजनमर्यादा आधी विचारा. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, तूप, बर्फी कस्टम्सच्या डब्यात जातात. आंबे आणि इतर ताजी फळं ऑस्ट्रेलियाला नकोत, अमेरिकेला नकोत. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत. लोणचं द्यायचंच तर सीलबंद बाटली, चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. पॉवर बँक उलट, हातातल्याच बॅगेत. वजनाला हलकं आणि कुठेही चालणारं म्हणजे सुती पंचा, वारली चित्राचं कापड, किंवा छापील फोटो.

विमानतळावर तीन तास आधी पोचा. गणपतीच्या दिवसांत किंवा पावसात घरून आणखी तासभर लवकर निघा. मूल आत गेल्यावर पोर्टलवर मुक्काम संपल्याची नोंद करा. मग यजमानांच्या ग्रुपवरचे आणि तुमच्या फोनमधले पासपोर्ट-व्हिसाचे सगळे फोटो पुसून टाका, आणि मंडळाच्या फाइलमधल्या छापील प्रती कोण फाडणार ते नाव घेऊन ठरवा.